पायाला कळलं पाहिजे

माझ्या धाकट्या भावाला सगळे 'सावकाश सर' म्हणतात. गाडी शिकवताना त्याच्या तोंडी दुसरा शब्दच नसतो. गिअर सावकाश, स्टिअरिंग सावकाश, समोरून ट्रक अंगावर आला तरी सावकाश. आम्हा दोघांची गाडी शिकवायची शाळा आहे. पाटी मी रंगवून घेतली, वेळापत्रक मी लावते, येणाऱ्या-जाणाऱ्याशी हुज्जत मी घालते, निम्म्या बायकांना मीच शिकवते, पण लोक विचारतात ते 'सावकाश सरांची शाळा कुठंय?' असंच. माझंही एक टोपणनाव पडलेलं आहे. मला ते माहीत आहे आणि मी ते इथे सांगणार नाही.

आमचे वडील मालट्रक चालवायचे. मला त्यांचं तोंड मिळालं आणि याला त्यांचा पाय. लहानपणी आम्ही त्यांच्या शेजारी बसून जायचो तेव्हा गाडी थांबलेली कळायचीही नाही, इतका अलगद ब्रेक लागायचा. पुढे याने एका कंपनीच्या साहेबाची गाडी चालवली, पण साहेबाला सारखी घाई आणि याला घाईचं वावडं, त्यामुळे ते फार दिवस जमलं नाही. मग मीच म्हटलं, तुला एवढी सावकाशीची हौस आहे तर लोकांना शिकव, आणि शाळा निघाली.

त्याची शिकवायची एक रीत आहे. पहिल्या दिवशी गाडी हलवायचीच नाही. शिकणाऱ्याने चपला-बूट बाहेर काढून ठेवायचे, अनवाणी पाय ब्रेकवर ठेवायचा आणि डोळे मिटायचे. आमच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशी दुसरा ब्रेक असतो आणि तो शिकणाऱ्याच्या ब्रेकला जोडलेला असतो. एक दाबला की दुसरा आपोआप खाली जातो. सर आपल्या बाजूचा ब्रेक जरासा, अगदी जरासाच दाबणार आणि शिकणाऱ्याने ते पायाला जाणवलं की 'आता' म्हणायचं. बस, पहिला धडा एवढाच. लोक वैतागतात. पैसे भरून डोळे मिटून काय बसायचं, म्हणतात. हा शांतपणे म्हणतो, "डोळ्यांना रस्ता बघू दे. गाडी पायाला कळली पाहिजे."

एका शिवणकाम करणाऱ्या बाईला दुसऱ्या शाळेने 'तुम्हाला या जन्मात जमणार नाही' असं सांगून घरी पाठवलं होतं. याने तिला मशीन चालवताना पाय कसा ठेवता ते विचारलं आणि म्हणाला, मग तुम्हाला येतंच की. ती बाई आता भाड्याची गाडी चालवते, आणि मला ओव्हरटेक करून जाताना हॉर्न देते. उद्धट आहे, पण चालवते छान.

तर असा हा माणूस. घरी मात्र वेंधळा. गेल्या काही महिन्यांपासून घरात एक नवीनच गंमत सुरू झाली होती. हा अंगणातून आत यायचा तेव्हा एका पायात चप्पल आणि दुसरा पाय मोकळा. चप्पल कुठेतरी वाटेत गळलेली, आणि याला पत्ताच नाही. माझी भावजय दारात उभी राहून विचारायची, "दुसरी कधी येणार आहे?" आणि मी म्हणायची, सावकाश सरांची चप्पल, येईल सावकाश. तोही हसायचा. आम्ही पोट धरधरून हसलोय त्या चपलेवर.

मग एक दिवस शाळेच्या गाडीने दुभाजकाला धडक दिली. दवाखान्यातली एक परिचारिका शिकत होती, वळणावर घाबरली आणि तिने ब्रेकऐवजी भलतंच पेडल दाबलं. असं रोजच होतं, त्यासाठीच तर दुसरा ब्रेक असतो. पण त्या दिवशी तो ब्रेक उशिरा लागला. कुणाला खरचटलंही नाही, नुसता बंपर फुटला, पण भावाचा चेहरा पांढराफटक पडला होता. म्हणाला, गाडीचे ब्रेक म्हातारे झालेत. आमच्या मेकॅनिकने चाकं काढून पाहिली आणि ब्रेक ठणठणीत आहेत म्हणाला. आम्ही बहीण-भावाने मिळून त्या बिचाऱ्यालाच वेड्यात काढलं आणि नवी गाडी घ्यायचं ठरवलं.

हल्ली शिकायला येणाऱ्यांना उंच गाडी हवी असते. घरी कॉम्पॅक्ट एसयूव्ही घेतलेली असते किंवा घ्यायची असते, आणि लहान गाडीवर शिकून तिच्यावर बसलं की बॉनेट कुठे संपतं तेच कळत नाही. म्हणून आपणही तशीच घेऊ, इथवर आमचं एकमत झालं. आम्हा दोघांचं एकमत इतका वेळ टिकत नाही, तेव्हा मला शंका यायला हवी होती. गाडी ठरली आणि भांडण इंजिनावर आलं.

तीच गाडी, तोच रंग, आत इंजिनं दोन प्रकारची. एक साधं पेट्रोल, चार सिलिंडरचं, आकाराने मोठं. दुसरं टर्बो, तीन सिलिंडरचं, एवढंसं. शोरूममधल्या टायवाल्या गृहस्थांनी आम्हाला बसवून सगळं समजावलं. साधं इंजिन आपल्यापुरता श्वास घेतं. टर्बोत एक पंखा असतो. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर तो फिरतो आणि इंजिनात जास्तीची हवा कोंबतो, म्हणून लहान असूनही ते मोठ्याचं काम करतं. फक्त तो पंखा वेगात यायला क्षणभर लागतो. तोवर गाडी मरगळलेली वाटते आणि मग एकदम ओढ घेते. टर्बोला तेल चांगलं आणि वेळच्या वेळी लागतं, आणि लांबून दामटून आणली तर बंद करण्याआधी जरा नुसती चालू ठेवावी. मायलेजचं विचाराल तर हलक्या पायाने चालवली तर टर्बो कमी पिते, पाय जड असेल तर सगळी बचत पिऊन टाकते. टायवाले शहाणे होते, हाही चांगला आणि तोही चांगला असं म्हणून ते बाजूला झाले.

आम्ही दोन्ही गाड्या चालवून पाहिल्या. टायवाले चालवणाऱ्याच्या शेजारी, उरलेला मागच्या सीटवर. आधी साधी, चालवायला मी. सरळ रस्त्यावर गरीब गाय. जेवढा पाय दाबाल तेवढीच जाते, कमी नाही, जास्त नाही. पण उड्डाणपुलाच्या चढावर, आम्ही तिघं आत आणि एसी चालू, तिला धाप लागली. दुसऱ्या गिअरवर आणून पाय दाबून धरला तेव्हा कुठे किंचाळत वर चढली. मग टर्बो. सुरुवातीला थोडी सुस्त, पण एकदा इंजिन फिरायला लागलं की मागून कुणीतरी ढकलतंय असं वाटतं. तोच पूल ती तिसऱ्या गिअरवर गप्पा मारत चढून गेली. मला ती जाम आवडली. आमचा परीक्षेचा ट्रॅक पुलापलीकडे आहे, उन्हाळ्यात गाडीत चौघं बसलेली असतात, एसी बंद करून चढायचे दिवस गेले आता. मी मनातल्या मनात टर्बो घेऊनही टाकली.

मग भाऊ टर्बोवर बसला. वळणावरून बाहेर पडताना त्याने पाय दाबला असणार, पण गाडीने काही मनावर घेतलं नाही. घेतलंच नाही. आणि मग अशी उसळली की पुढच्या टेम्पोच्या मागचं चित्र मला डोळ्यासमोर दिसलं. टायवाल्यांनी डॅशबोर्ड धरला. ब्रेक लागला, पण तोही हिसका देऊन. सावकाश सरांचा ब्रेक, आणि हिसका. खाली उतरून तो म्हणाला, "बघितलंस ताई? आधी झोपते आणि मग उठून धावते. ही शिकणाऱ्याच्या हातात द्यायची?"

तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही. मी म्हणायची चढ, तो म्हणायचा उसळी. मी म्हणायची, अरे दुसऱ्या गिअरवर ठेवलीस तर नाही उसळत, हे तूच लोकांना सांगतोस. तो म्हणायचा, शिकणाऱ्याला गिअर सापडेपर्यंत गाडी दुकानात शिरेल. भावजयीने जेवताना इंजिनाचं नाव काढायचं नाही असा हुकूम काढला. आमच्या मेकॅनिकला दोघांनीही आपापल्या बाजूने साक्षीला बोलावलं. मागच्या वेळी वेड्यात काढलेला तो माणूस चहा पिऊन निघून गेला.

माझ्या नाकावर राग असतो हे खरं, पण मी आंधळी नाही. मला एक गोष्ट खुपत होती. मीही तीच टर्बो चालवली होती. थोडा वेळ घेते ती, नाही असं नाही, पण पापणी लवेपर्यंत. याच्या हातात ती एवढी का झोपली? म्हणून मी हट्टाने पुन्हा एकदा शोरूमला जायचं ठरवलं आणि टायवाल्यांना गोड बोलून मागे बसवलं. मला कुणाशी गोड बोलावं लागलं की घरचे काळजीत पडतात, पण त्या दिवशी भावाच्या लक्षात आलं नाही. या खेपेला त्याच्या शेजारी मी बसले.

आमच्या धंद्यात एक खोड लागते. शेजारी बसलं की अर्धी नजर रस्त्यावर आणि अर्धी चालवणाऱ्याच्या पायावर. ती खोड मला त्या दिवशी नको होती असं आता वाटतं. वळणावरून बाहेर पडताना मी त्याचा पाय पाहिला. तो पेडलवर नव्हताच. म्हणजे होता, पण कडेला, बुटाची बाजू नुसती टेकलेली. गुडघा खाली गेला, त्याच्या मनाने पाय दाबला गेला होता, पण पेडल जागच्या जागीच. मग त्याने जोर लावला, पाय घसरून पेडलवर बसला आणि खाडकन खालपर्यंत गेला. गाडी उसळली. तो म्हणाला, बघ. मी म्हटलं, बघतेय.

परत येऊन मी त्याला साधी गाडीही चालवायला लावली. पाय तसाच चुकत होता. तीच कड, तसाच उशीर, तसाच खाडकन जोर. पण साधी गाडी हळूच पुढे जायची, उसळी नाही, हिसका नाही. मागे बसलेल्या माणसाला काही म्हणजे काही कळलं नसतं. टर्बो झोपत नव्हती. ती जे होतं ते दाखवत होती, आणि साधी गाडी भलेपणाने सगळं पोटात घालत होती. दुभाजक आठवला, त्या परिचारिकेचा चेहरा आठवला, वेड्यात काढलेला मेकॅनिक आठवला. आणि मग, शोरूमच्या त्या चकचकीत फरशीवर उभी असताना, चप्पल आठवली.

घरी आल्यावर मी भावजयीला स्वयंपाकघरात गाठलं आणि विचारलं, याच्या पायाचं काय आहे. ती म्हणाली, "वन्सं, त्यांच्या पायाला मुंग्या यायच्या ना, मागे खूप यायच्या. आता गेल्या त्या. बरं वाटतंय म्हणाले." भावाला बरीच वर्षं साखरेचा त्रास आहे. गोळ्या घेतो, आठवल्या तर. मुंग्या थांबल्या तेव्हा या दोघांनी आनंद मानला होता, पाय बधिर झालाय हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. मी खुर्चीवर बसले. मला तिचाही राग आला, त्याचाही आला, आणि आम्ही तिघं हसलो होतो त्याचा तर सगळ्यात जास्त आला. पण ती माझ्याकडे बघत होती, म्हणून मी ओरडले नाही.

आता हे त्याला सांगायचं कुणी? मी लोकांना तोंडावर काहीही सांगते. तुमच्या मुलाला गाडी नको, सायकल द्या, असंही सांगितलंय. पण ज्याने आयुष्यभर पायाचीच कमाई खाल्ली, ज्याच्या त्या एका ब्रेकच्या भरवशावर माणसं जिवंत घरी जातात, त्याला तुझा पाय गेला हे कसं सांगायचं. आणि सांगितलं नाही तर उद्या सकाळी तो कुणाच्या तरी लेकीच्या शेजारी बसणार, पाय त्या ब्रेकवर ठेवून. ठेवलाय की नाही हे त्यालाच कळणार नाही.

दुसऱ्या दिवशी पहिल्या विद्यार्थ्याच्या आधी मी त्याला मैदानावर घेऊन गेले. आमची जुनी गाडी, नवा बंपर. म्हटलं, आज तू शिकणाऱ्याच्या जागेवर बस. तो हसला, म्हणाला, काय ताई, माझी परीक्षा? म्हटलं, हो. बूट काढ. त्याला वाटलं टर्बोच्या भांडणातली माझी ही नवी खेळी आहे. मजेत बसला, बूट बाहेर नीट जोडीने ठेवले, पाय ब्रेकवर ठेवला. पाय ठेवताना त्याने खाली वाकून बघितलं. आधी कधी बघायचा नाही तो. मग डोळे मिटले.

मी शेजारी बसले आणि दुसऱ्या ब्रेकवर पाय ठेवला. त्यानेच शिकवलं होतं, तसा जरासा दाबला. तो गप्प. थोडा आणखी दाबला. त्याच्या बाजूचं पेडल खाली गेलेलं मला दिसत होतं, आणि त्याचा पाय त्याच्याबरोबर गेला होता, झोपलेल्या मुलाचा हात उचलावा तसा. तो अजून मजेत होता, ओठांवर हसू होतं. मी आणखी दाबला.

"दाब ना ताई," तो म्हणाला, "केव्हाचा वाट बघतोय."

मी ब्रेक तसाच दाबून धरला. माझं बोलणं थांबलं की काहीतरी बिनसलंय हे त्याला लहानपणापासून ठाऊक आहे. त्याने डोळे उघडले, खाली आपल्या पायाकडे पाहिलं, मग माझ्या पायाकडे. पुन्हा आपल्या. मी ब्रेक सोडला, त्याचा पाय वर आला. दाबला, खाली गेला. त्याने ते नुसतं पाहिलं. आणि मी रडले, हो, ढसाढसा रडले, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

शेवटी तो म्हणाला, "म्हणजे ब्रेक म्हातारे नव्हते."

म्हटलं, नाही रे.

त्याने वाकून दोन्ही हातांनी पाय दाबून पाहिला. म्हणाला, दुभाजकापाशी त्या मुलीला काही झालं असतं तर. मी म्हटलं, झालं नाही. तो म्हणाला, पण झालं असतं. मग बूट उचलून मांडीवर घेऊन बसला. त्या दिवसाचे सगळे तास मी घेतले, आणि तो मैदानाच्या कडेला बाकावर बसून होता. शिकणारे विचारायचे, सर येत नाहीत का. मी खेकसायची.

डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. साखरेने पायाच्या नसा गेल्यात, गेलेलं फारसं परत येत नाही, आहे ते सांभाळा. रोज तळवे आरशात बघा, कुठे लागलं तर कळणार नाही. भावजय आता गोळ्या स्वतःच्या हाताने देते आणि तो गिळेपर्यंत समोर उभी राहते. चपलांना मागून पट्टा लावून घेतलाय. चपलेवर आता घरात कुणी हसत नाही.

गाडीचं राहिलंच होतं. मी म्हटलं, साधी घेऊ. खरं सांगायचं तर शिकणाऱ्यांसाठी त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतंच. कच्च्या पायाला साधं इंजिन बरं, हे मलाही पटलं होतं, आणि त्याच्या मनासारखं होऊ दे असंही वाटत होतं. तो म्हणाला, नको, टर्बो घे. मी चिडले. इतके दिवस डोकं खाल्लंस आणि आता टर्बो?

"साधी घेतलीस तर मी परत बसेन, ताई," तो म्हणाला. "एखाद्या दिवशी तू आजारी पडशील, कुणाचा तास असेल, मला वाटेल की चांगला आहे आज पाय. आणि साधी गाडी मला हो म्हणेल. टर्बो चुगली करते. ती घे."

टर्बो घेतली. शिकणाऱ्यांना सुरुवातीला काही दिवस जास्त लागतात, मग पाय आपोआप हलका होतो. चढावर एसी चालतो. मेकॅनिक तेल बघायला येतो तेव्हा भाऊ त्याला चहा देतो, आणि मीही देते.

रस्त्यावरचे सगळे तास आता मी आणि एक नवीन मास्तरीण घेतो. पहिला धडा मात्र अजून सावकाश सरांचाच. गाडी मैदानात उभी, चाकाला दगड लावलेला. दुसरा ब्रेक आता तो पायाने दाबत नाही, सीटवरून वाकून हाताने दाबतो. ती परिचारिका शिकून गेली आणि तिने परवा तिच्या आईला पाठवलं. उतारवयाच्या बाई, कधी सायकलवरही बसलेल्या नाहीत. मी बाजूला उभी राहून ऐकत होते. बाईंनी डोळे मिटले होते. भावाने हाताने पेडल जरासं दाबलं.

"आता," बाई म्हणाल्या.

पूर्वी तो पुढे जायचा. आता तिथे थांबतो. "काय लागलं पायाला? नीट सांगा मला."

बाई विचारात पडल्या. म्हणाल्या, "खालून जमीन थोडी उतरल्यासारखं वाटलं. अंगठ्याला आधी, मग सगळ्या पायाला."

भावानेही डोळे मिटले होते. "हां," तो म्हणाला. "तसंच लागतं. परत एकदा सांगा."